खिळ्यावरची किल्ली

आधी बर्फ बघ, लाउतारो.
बाटल्या कुठे पळून जात नाहीत.
मग लिंबं. आज चाळीस पुरेत;
हंगामात मेंढ्या कातरणारे शनिवारी शहरात उतरतात,
तेव्हा साठ, आणि दोन डझन अंडी.
पांढरं पिस्कोत जातं. पिवळं टाकू नकोस,
इर्मा त्याचा केक करते आणि अर्धा आपल्याला आणते.

माप हातात असतं म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस.
माझ्या हातात एकतीस वर्षं आहेत,
तरी मी मापानंच ओतते.
ओळखीच्याला थेंबभर जास्त दिलास
की अनोळखी माणूस तुझा हात बघतो.
बोलत काही नाही,
पुन्हा येत नाही इतकंच.

फडकी दोन. काचेचं लाकडाला लावायचं नाही.

बंदरातला पायलट मुलीबद्दल बोलायला लागेल.
मान हलव. सल्ला तुझ्याजवळ नाहीच,
असला तरी नाही.
उद्या तो याच स्टुलावर बसेल तेव्हा
तुला एवढंच आठवत असेल
की त्याला बर्फ चालत नाही.

नौदलाची पोरं मिशा राखून येतात.
मिशीला वय विचारू नकोस, ओळखपत्र माग.
तुझा मावसभाऊ आला तरी माग. त्याचं तर आधी.

आणि 'पुरे'.
तो शब्द मोठ्यानं म्हणायचा नसतो.
चारचौघांत नाही म्हटलंस की माणूस
दारूसाठी भांडत नाही, अब्रूसाठी भांडतो.
पुढ्यात सूप ठेव, पाव ठेव,
ग्लास उचलताना त्याच्या डोळ्यांत बघू नकोस.
मग किल्ली माग.

नाही, ती नव्हे.
निळ्या दोऱ्याची राहू दे खिळ्यावर.

ती एलेउतेरिओ बार्रिएन्तोसची.
ऑक्टोबर होता, रस्त्याकडेला दोर बांधायचे दिवस,
वाऱ्यात धरून चालायला.
चौथ्या ग्लासानंतर मी हात पुढे केला,
त्यानं हसत किल्ली ठेवली.
माझ्या पणजोबांच्या भाषेतला एकच शब्द त्याला येत होता,
तो म्हणाला दारातून: लाकू नोच.
बरं वाटलं मला. काउंटर पुसला,
गल्ला मोजला, दोनशे पेसो कमी भरले,
तेच शोधत बसले तासभर.
त्याचं घर टेकडीवर. अकरा गल्ल्या.

सकाळी सातव्या गल्लीत सापडला.
एक हातमोजा दोरालाच चिकटून गोठलेला.

पोलीस म्हणाले, किल्ली घेतलीत हे योग्य केलंत, दोन्या नेवेंका.
कायद्यानं मी बरोबर होते.
अजूनही आहे.

तिसऱ्या दिवशी सुनिल्दा आली, दुसरी किल्ली घेऊन.
लाल पिकअप इथेच उभी होती, दारासमोर.
तिला गिअर टाकता येईना, खर्रकन आवाज झाला,
पुन्हा झाला.
काचेतून तिनं आत पाहिलं.
ही माझ्या मुठीत होती.
तिनं मागितली नाही.
मी दिली नाही.

तर किल्ली घेतलीस की एप्रन सोड, कोट घाल.
टॅक्सीचा नंबर भिंतीवर खडूनं लिहिलाय,
शेवटचा सात आहे, एकासारखा दिसतो.
टॅक्सी नसेल तर तू जा. काउंटर मी बघते.
वाऱ्याच्या अंगाला तू चाल, दोराच्या अंगाला तो.
वाटेत तो गाईल, रडेल, तुझ्या आईवरून बोलेल,
बोलू दे.
घरातला दिवा लागेपर्यंत फाटकाशी थांब.
बायको दार उघडून तुलाच शिव्या देईल,
त्याही घे.

गल्ला दोनशेनं कमी भरला तर भरू दे.

चल, लिंबं काप.
इतकी जाड नकोत. आणि बिया काढ.